डोळ्यांखालचं क्रीम आणि फिलूमावशीचं नाक

आमच्या आचोळ्याच्या सोसायटीत एखाद्या मुलीचं लग्न ठरलं, की पंधरा दिवसांच्या आत ती माझ्या दारात उभी असते. हातात मोबाइल आणि मोबाइलवर क्रीमच्या डबीचा फोटो. "काकू, हे डोळ्यांखाली लावू का? चौदाशेचं आहे, पण ऑफरमध्ये नऊशेला मिळतंय." मी चष्मा चढवते आणि म्हणते, "पुढची बाजू राहू दे. मागचा फोटो दाखव."

नवीन राहायला आलेल्यांना वाटतं, मी पार्लर चालवत असणार. नाही. मी सव्वीस वर्षं वसई पूर्वेच्या एका औद्योगिक वसाहतीत केमिस्ट म्हणून क्रीम बनवत होते. पहिल्या मजल्यावर आमचा गाळा होता. खाली प्लास्टिकच्या बादल्या बनायच्या आणि शेजारी स्टीलचे चमचे. आमच्या कारखान्याचं नाव कुठल्याही दुकानात दिसत नसे, कारण आम्ही दुसऱ्यांसाठी माल बनवायचो. या धंद्यात त्याला 'थर्ड पार्टी' म्हणतात. गिऱ्हाईक नाव आणतं, डबी आणतं, खोक्यावरचं चित्र आणतं. आत जे असतं ते आमचं.

एका भाऊबीजेला नणंदेनं मला एक जड, काचेची डबी भेट दिली. "वहिनी, तुम्ही सगळ्यांसाठी क्रीम बनवता, तुम्हाला कोण देतं? हे चांगल्यातलं आहे." मी डबी उलटी केली. खाली बॅच नंबर होता, आमचाच. ती बॅच मीच काढली होती. नणंदेनं मोजलेल्या पैशांत मी तेच क्रीम बादलीभर बनवून दिलं असतं. मी तिचे आभार मानले आणि डबी संपेपर्यंत लावली. क्रीम चांगलंच होतं, ते मला माहीत होतं.

बाहेरच्या माणसाला क्रीम म्हणजे काहीतरी गूढ वाटतं. खरं तर काम स्वयंपाकाचंच आहे. एका भांड्यात तेल, मेण, लोण्यासारखे पदार्थ. दुसऱ्या भांड्यात शुद्ध केलेलं पाणी आणि ग्लिसरीन. दोन्ही पंच्याहत्तर अंशांपर्यंत तापवायची, मग केटल नावाच्या मोठ्या स्टीलच्या भांड्यात एकत्र करून जोरात घुसळायची. पांढरंशुभ्र दाट झालं की हळूहळू निववायचं. कोमट झाल्यावर शेवटी नाजूक चिजा टाकायच्या, कारण त्यांना उष्णता सोसत नाही. घाई केली तर ते फुटतं, पाणी वेगळं आणि तेल वेगळं. आणि एकदा फुटलेलं क्रीम फुटलेल्या दुधासारखं असतं, त्याचं पुन्हा दूध होत नाही.

म्हणून मी मुलींना डबीची मागची बाजू बघायला सांगते. घटक जास्तीकडून कमीकडे लिहिलेले असतात. पहिल्या पाच-सहा नावांत क्रीम जवळजवळ संपतं. ज्या फुलाचं चित्र पुढे एवढं मोठं छापलेलं असतं, ते बहुतेक वेळा यादीच्या शेपटीला असतं. डोळ्यांखालची कातडी पातळ, तिथे सुगंध नकोच. आणि काळी वर्तुळं कधी आईकडून आलेली असतात, कधी रक्त कमी असतं, कधी झोप नसते, कधी डोळे सारखे चोळायची सवय असते. यातलं काहीही डबीनं जात नाही. कोरडेपणा जातो, बारीक सुरकुती थोडी भरल्यासारखी दिसते. तेवढं काम दीडशे रुपयांचं क्रीमही करतं. हे ऐकून निम्म्या मुली हिरमुसतात, निम्म्या नऊशे रुपये वाचले म्हणून खूश होतात.

गिऱ्हाइकं तरी काय एकेक यायची. एकानं माझ्यासमोर डबी हातावर तोलून सांगितलं, "मॅडम, वजन पाहिजे." मी म्हटलं, "पंधरा ग्रॅमच्या वर क्रीम भरलं तर तुमचाच खर्च वाढेल." तो म्हणाला, "क्रीमचं नाही हो, डबीचं. हातात घेतल्यावर बाईला वाटलं पाहिजे की काहीतरी घेतलं." दुसऱ्या एकाला डोळ्यांखाली लावल्यावर झिणझिण्या यायला हव्या होत्या. गिऱ्हाइकाला कळलं पाहिजे म्हणे, की काम सुरू झालं. त्याला मी दुसरा कारखाना बघायला सांगितलं. आमचे शेठ त्या दिवशी माझ्यावर रागावले, पण फार नाही. शेठ गुजराती, या धंद्यात मुरलेले. मला ते 'पवारबेन' म्हणायचे. वाईट माणूस नव्हते. पण आलेलं गिऱ्हाईक परत जाताना पाहिलं की त्यांच्या पोटात दुखायचं.

या सगळ्या गिऱ्हाइकांत मला सगळ्यात जास्त आठवते ती वैशाली.

वैशाली बोळिंजला राहायची, एका इस्पितळात नर्स होती. वय असेल पस्तिशीचं. ती आली तेव्हा तिच्या हातात ना डबी होती ना चित्र. एक वही होती आणि स्टीलचा एक छोटा डबा. ती म्हणाली, "मॅडम, आमच्या वॉर्डात बावीस जणी आहेत. रात्रपाळ्या करून सगळ्यांचे डोळे खोल गेलेत. महागाचं घ्यायला जीव होत नाही आणि स्वस्तातलं लावलं की डोळे चुरचुरतात. मला असं क्रीम करून द्या, की आमच्यातली कुठलीही बाई विचार न करता घेईल."

मग तिनं डबा उघडला. आत पिवळट पांढरे, अंड्याएवढे गोळे होते. तिची आई रत्नागिरीकडच्या गावात कोकमाच्या बिया कुटून, कढवून तेल काढायची. ते थिजलं की त्याचे असे गोळे वळायचे. भिरंडेल म्हणतात त्याला. कोकणात थंडीत फुटलेल्या टाचांना आणि ओठांना लावतात. मी कऱ्हाडकडची, मला ते नवीन होतं. मी बोटावर घेतलं, ते विरघळून कातडीत गेलं आणि चिकटपणा राहिला नाही. ज्या परदेशी बियांच्या लोण्यासाठी आमची मोठी गिऱ्हाइकं पैसे ओतायची, त्याच्या तोडीचं होतं ते.

शेठनी तिला हसण्यावारी नेलं असतं, कारण तिची मागणी जेमतेम एका छोट्या केटलची होती. मीच मध्ये पडले. तिच्याबरोबर बसून आम्ही एकेक गोष्ट कमी करत गेलो. सुगंध काढला, रंग काढला. लावल्याबरोबर चेहरा उजळ दिसावा म्हणून अभ्रकाची चमक घालतात, ती काढली. काचेची डबी काढून साधी ट्यूब घेतली, कारण डबीत रोज बोट जातं आणि बोटाबरोबर घाण जाते. बाहेरचं खोकं काढलं. उरलं ते क्रीम. ट्यूबवर काय लिहायचं हे वैशालीनं आधीच ठरवलं होतं : 'डोळ्यांखालची कोरडी त्वचा मऊ ठेवते.' शेठ म्हणाले, "एवढंच? काळी वर्तुळं जातात असं तरी लिही." ती म्हणाली, "जात नाहीत ना पण, शेठ." मला त्या क्षणी ती आवडून गेली.

बॅचचा दिवस सोमवार ठरला. वैशाली सुट्टी घेऊन, पेढे घेऊन आली होती. तिला स्वतःच्या डोळ्यांनी पहिली ट्यूब भरलेली बघायची होती. मी डोक्याला टोपी बांधून तयार होते. तेवढ्यात पॅकिंगच्या टेबलावरून फिलूमावशी उठून आली.

फिलूमावशी म्हणजे फिलोमिना, पाचूबंदरची. नवऱ्याची होडी होती. मावशीनं तरुणपणी वसईच्या बाजारात बसून मासळी विकली, मग गुडघे गेले तेव्हा आमच्याकडे ट्यूबा खोक्यात भरायला लागली. शाळा तिसरीपर्यंत. केटलमधून ट्यूबा भरण्याच्या मशीनकडे क्रीम नेणारा एक लांब पाईप होता. त्याचं तोंड मावशीनं नाकाशी धरलं.

"बाय, या पायपाला वास येतो."

"मावशी, काल रविवारचा गाळा बंद होता. त्याचा असेल."

"बंद घराचा वास येगला. हा पानी ऱ्हायल्याचा वास हाय."

पाईप शनिवारी धुतला होता. धुतल्यावर उलटा टांगून निथळायचा, हा नियम. तो टांगला होता की गुंडाळून ठेवला होता, हे मी बघितलं नव्हतं. ते बघणं माझं काम होतं. आणि शंका आली तर जंतुनाशक भरून अर्धा तास ठेवायचा, हाही नियम. पण वैशाली पेढ्यांचा पुडा घेऊन उभी होती, शेठ दोनदा डोकावून गेले होते, आणि खरं सांगायचं तर मला तिच्यासमोर माझी हुशारी दाखवायची होती. मी पाईपमधून एकदा गरम पाणी सोडलं आणि म्हटलं, "झालं मावशी. बसा आता."

क्रीम अप्रतिम उतरलं. एवढं गुळगुळीत क्रीम माझ्या हातून क्वचित झालं असेल. वैशालीनं पहिली ट्यूब कपाळाला लावली.

आमच्याकडे ट्यूबा भरल्या तरी लगेच बाहेर जात नसत. दोन-चार ट्यूबा बाहेरच्या प्रयोगशाळेत जायच्या, तिथे आत जंतू वाढतात का ते बघायचे. आठवड्यानं अहवाल आला. जंतू वाढले होते, आणि थोडेथोडके नव्हे.

मी शेठच्या केबिनमध्ये गेले तेव्हा वैशाली तिथेच बसली होती, माल कधी उचलायचा ते विचारायला आलेली. शेठनी अहवाल वाचला, टेबलावर ठेवला आणि तिच्याकडे वळले. "बेन, हे तुमच्या गावच्या डब्यामुळे झालं. कारखान्याचा माल असता तर असं होत नाही. चुलीवरच्या वस्तू अशाच असतात. आता नुकसान तुम्हाला सोसावं लागेल."

वैशालीचा चेहरा उतरला. ती हळू आवाजात म्हणाली, "आईनं डबा उकळून घेतला होता. मी तिला चारदा सांगितलं होतं. म्हातारी झाली आहे, राहिलं असेल काहीतरी." मग माझ्याकडे बघून विचारलं, "मॅडम, दिसायला तर चांगलं आहे, वासही नाही. लावलं तर काय होईल?"

"एखादीच्या डोळ्याला आधीच ओरखडा असला, तर डोळा जाऊ शकतो," मी म्हटलं.

ती नर्स होती. पिशवी उचलून निघून गेली.

आता मी हे लिहिते आहे ते याच्यासाठी. अहवालात ज्या जंतूचं नाव होतं तो साचलेल्या पाण्यात राहणारा. भिरंडेल पंच्याहत्तर अंशांवर तापून केटलमध्ये गेलं होतं, त्यातून असला जंतू वाचून येणं अवघड. क्रीममध्ये प्रिझर्व्हेटिव्ह असतं, पण ते घरच्या राखणदारासारखं असतं. भिंतीवरून आलेल्या एखाद्या चोराला हाकलेल, सगळा दरवाजाच उघडा टाकला तर काय करेल? हे सगळं मला त्या केबिनमध्ये उभ्याउभ्या कळलं होतं. आणि मी गप्प राहिले. पंधरा वर्षांची नोकरी झालेली, कधी ठपका नाही.

दुपारी डबा खायला बसलो. मावशीपर्यंत बातमी पोचली होती. तिनं बोंबलाचा तुकडा बाजूला सारला आणि म्हणाली, "त्या पोरीच्या आयशीवर कशाला घालता, बाय? पायप बघा."

ती रागानं बोलली नव्हती. मी माझा डबा बंद केला आणि उठले.

माझी एक सवय होती. प्रत्येक बॅचचा थोडा नमुना मी थेट केटलमधून काढून, बाटलीत बंद करून कपाटात ठेवायची. ती बाटली काढली. पाईपच्या आतून कापसाचा बोळा फिरवला, तो वेगळा बंद केला. दोन्ही नमुने प्रयोगशाळेत पाठवले. तो आठवडा कसा गेला ते मला माहीत आहे. घरी मी काही बोलले नाही. नवऱ्यानं विचारलं, बरं नाही का, तर म्हटलं, पित्त झालंय.

अहवाल आला. केटलमधलं क्रीम स्वच्छ. पाईप जंतूंनी भरलेला.

मी दोन्ही कागद शेठसमोर ठेवले. "शेठ, भिरंडेलात काही नव्हतं. पाईपमध्ये पाणी साचलेलं होतं. मावशीनं मला बॅचच्या दिवशी सकाळीच सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. चूक माझी आहे."

शेठनी दोन्ही कागद शेजारीशेजारी ठेवून वाचले. मग म्हणाले, "हे त्या बाईला कोणी सांगितलं आहे?"

"अजून नाही. आज सांगणार आहे."

"पवारबेन, तुम्ही माझ्याकडे कामाला आहात की तिच्याकडे?"

"तुमच्याकडेच आहे, म्हणून आधी तुम्हाला सांगितलं. आणि शेठ, मधल्या दिवसांत या मशीनवर दुसरा माल भरला नाही म्हणून निभावलं, पण गुरुवारी मोठ्या पार्टीची दोनशे किलोची बॅच आहे. पाईप तोच आहे."

त्यांनी मान वर केली. ते त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. ती बॅच तशीच गेली असती, तर कारखान्याचं नाव बुडालं असतं. ते उठले, स्वतः आत गेले आणि पाईप मशीनवरून काढून फरशीवर टाकला. मग घरी गेले.

संध्याकाळी मी विरारला उतरून रिक्षानं बोळिंजला गेले. वैशाली नुकतीच ड्यूटीवरून आली होती. तिनं पाणी दिलं. मी ग्लास हातात धरूनच सांगितलं, "तुझ्या आईचं भिरंडेल स्वच्छ होतं. पाईप आमचा घाण होता, आणि तो बघायचं काम माझं होतं. त्या दिवशी केबिनमध्येच मला अंदाज आला होता. मी बोलले नाही."

ती समोर बसली. मला वाटलं आता ओरडेल, आणि ओरडली असती तर बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "मी आईला फोनवर फार बोलले हो, मॅडम. म्हटलं, तुझ्या हलगर्जीपणानं माझं सगळं गेलं. तेव्हापासून तिनं तो डबा माळ्यावर टाकलाय. आता बिया आणणाऱ्यांनाही नको म्हणते."

"फोन लाव," मी म्हटलं.

"तुम्ही बोलणार?"

"मग कोण बोलणार?"

त्या माउलीशी मी काय बोलले ते सगळं आता आठवत नाही. माफी मागितली एवढं आठवतं. मग ती म्हणाली, "मग डबा तितकोसो वायट नव्हतो म्हणायचो." आणि वैशालीला हसताना डोळे पुसावे लागले.

सोळाशे ट्यूबा आम्ही कात्रीनं कापून नष्ट केल्या. फिलूमावशी आणि पॅकिंगच्या बायका दिवसभर कापत होत्या, त्यांच्याबरोबर मीही बसले. नुकसान शेठनी सोसलं. महिनाभर ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. पण पहिल्याच आठवड्यात नवा पाईप आला. आखूड, आरपार दिसणारा, आणि भिंतीवर तो उलटा टांगायला हूक. मी सांगितलं नव्हतं.

वैशालीची दुसरी बॅच दीड महिन्यानं झाली. आईनं नवा डबा पाठवला होता, घासून घासून तळाला आरसा झालेला. ते क्रीम तिच्या वॉर्डात गेलं, तिथून दुसऱ्या इस्पितळांत, मग शाळेतल्या बाईंकडे, बँकेतल्या मुलींकडे. कुणाची वर्तुळं गेली नाहीत आणि कुणी तशी तक्रारही केली नाही, कारण कुणाला तसं सांगितलंच नव्हतं. मी निवृत्त झाले तेव्हा ती वर्षाला आठ केटल काढत होती. सव्वीस वर्षांत माझ्या हातून शेकडो नावांची क्रीमं गेली. त्यातलं हे एक मी कुणालाही डोळे मिटून सांगते.

त्या प्रकरणानंतर मी बॅचच्या कागदात एक ओळ वाढवली : 'पाईप आणि मशीन, वास तपासला.' पुढे सहीची जागा. ती सही मावशीनं करायची असं मी ठरवलं. ती तयार होईना. "मना लिवता येत नाय नीट. आंगठा चालंल?" मी म्हटलं, अंगठा नको. मग आठ दिवस डब्याच्या सुट्टीत ती ट्यूबच्या रद्दी खोक्यांवर 'फिलोमिना' लिहीत बसायची. 'फि'ची वेलांटी दर वेळी भलतीकडे जायची. नवव्या दिवशी तिनं पाईप हुंगला, भरण्याच्या मशीनचं तोंड हुंगलं, एप्रनला हात पुसले आणि कागदावर सही केली. तिच्या खाली मी केली. त्यानंतर तिची सही नसलेल्या कागदावर मी कधीही सही केली नाही. दोनदा तिनं नाही म्हटलं आणि दोन्ही वेळा आम्ही सगळं पुन्हा धुतलं. एकदा ती बरोबर होती. एकदा खालच्या बादलीवाल्यांकडचा वास निघाला, पण मी तिला बोलले नाही.

पुढे एकदा परवान्याच्या तपासणीला सरकारी अधिकारी आले. नियमाला धरून चालणारे, सभ्य गृहस्थ. जुने कागद चाळताना ते थांबले.

"ही फिलोमिना कोण? प्रत्येक बॅचवर सगळ्यात वर सही आहे. केमिस्ट आहे का? शिक्षण काय?"

मी उत्तराची जुळवाजुळव करत होते. पलीकडच्या टेबलावर मावशीनं हातातली ट्यूब खाली ठेवली होती. माझ्याआधी शेठ बोलले.

"साहेब, शिक्षणाचं यांना विचारा," ते माझ्याकडे बोट करून म्हणाले. "पण त्या बाई हो म्हणाल्याशिवाय माझ्या कारखान्यात केटल चालू होत नाही."

अधिकाऱ्यांनी पान उलटलं. मावशीनं ट्यूब उचलली आणि पुन्हा भरायला लागली.